घरच्या घरी ४ बाय ४ चे टायर फिरवायचेत – स्टेपनी धरायची का, क्रॉस करायचे का सरळ?

चिखलगाडी:
मंडळी नमस्कार, गाडी ४ बाय ४ आहे, पार्ट-टाइमवाली, म्हणजे रोज टू-एच मध्येच चालते (फक्त मागची दोन चाकं ओढतात) आणि चिखल वाळू लागली की फोर-एच (चारही ओढतात). टायर २३५/७० आर १६, ऑल-टेरेन, पाचही एकाच वेळी घेतलेले एकाच मेकचे, स्टेपनी मागच्या दारावर आणि ती अजून रस्त्याला टेकलेली सुद्धा नाही. १०,००० किमीच्या आसपास झालेत. पुढच्या दोन्हींच्या बाहेरच्या कडा हात फिरवला की कळतं इतक्या झिजल्यात, मागचे त्या मानाने बरेच चांगले आहेत.

आता रोटेशन, म्हणजे टायरच्या जागांची अदलाबदल, घरीच करावं म्हणतोय, पार्किंग सपाट काँक्रीटचं आहे. पण जितकी तोंडं तितके सल्ले. एक म्हणाला फोर बाय फोरला चारही चाकं ओढतात त्यामुळे टायर सारखेच झिजतात, फिरवायची गरजच नाही. दुसरा म्हणाला रेडियल टायर डावीकडचा उजवीकडे कधीच न्यायचा नाही, फक्त पुढचा मागे मागचा पुढे. तिसऱ्याने सांगितलं स्टेपनीला हात लावू नको ती अडीअडचणीसाठी नवी राहू दे.

आणि मुख्य अडचण, जॅक एकच आहे, गाडीसोबत आलेला बॉटल जॅक. दोन चाकांची अदलाबदल करायची म्हणजे दोन्ही एकदम काढावी लागणार ना, मग दुसरा कोपरा कशावर टेकवू? विटांवर अजिबात टेकवणार नाही एवढं कळतं.

रविवारचा_मेकॅनिक:
तुमच्या शेवटच्या प्रश्नातच सगळ्याचं उत्तर आहे. स्टेपनी धरलीत तर एका वेळी एकच चाक उचलावं लागतं, एक जॅक भरपूर झाला.

असं करायचं बघा. स्टेपनी दारावरून काढा. मागचं उजवं चाक उचला, ते काढा, तिथे स्टेपनी लावा, नट आवळा, गाडी खाली. आता हातात मागचं उजवं टायर आहे. ते पुढच्या उजव्या जागी. मग हातात पुढचं उजवं आलं, ते मागे डावीकडे. तिथून निघालेलं मागचं डावं सरळ पुढे डावीकडे, आणि शेवटी हातात उरलं पुढचं डावं, ते दारावर स्टेपनी म्हणून लटकवायचं. चार वेळा जॅक लावला की संपलं, कुठेही दोन कोपरे एकदम हवेत नाहीत. दर वेळी हाच क्रम ठेवला तर पाच फेऱ्यांत प्रत्येक टायर पाचही जागी बसून येतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि ४ बाय ४ गाड्यांना हीच पद्धत सांगतात, मागचे सरळ पुढे आणि पुढचे मागे जाताना बाजू बदलून. स्टेपनी तेवढी मागच्या उजव्या जागेतून आत शिरते.

स्टेपनी धरायचीच नसेल तरी तिला तात्पुरती उभी करता येते. पुढच्या डाव्या जागी स्टेपनी, तिथलं टायर मागे उजवीकडे, तिथलं पुढे उजवीकडे, तिथलं मागे डावीकडे, तिथलं पुढे डावीकडे आणि स्टेपनी परत दारावर. एक उचल जास्त लागते एवढंच.

चारही चाकं ओढतात म्हणून सारखी झिजतात हे काही खरं नाही. तुमची गाडी बहुतेक वेळ टू-एच मध्ये, म्हणजे ओढायचं काम मागच्यांचं, आणि पुढची वळतात, ब्रेक मारला की वजनही त्यांच्यावरच येतं. म्हणून पुढच्यांचे खांदे जातात आणि मागच्यांचा मधला पट्टा. फुल-टाइम गाडीत, म्हणजे जिची चारही चाकं कायम ओढतात तिच्यात सुद्धा स्टेअरिंग पुढच्याच चाकांना असतं ना.

रेडियल बाजू बदलू नका हा सल्ला रेडियल नवीन नवीन आले तेव्हाचा, तो अजून फिरतोय. आताच्या टायरना बाजू बदलली तरी काही होत नाही. अपवाद एकच, टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ते त्याच बाजूला ठेवायचं. ऑल-टेरेनला सहसा बाण नसतो पण बघून घ्या. नुसतं बाहेरची बाजू असं छापलेलं असेल तर चिंता नाही, ती बाजू बाहेर आली म्हणजे झालं, डावी उजवी काहीही.

पाना_नंबर_२१:
वरचं सगळं बरोबर, पण उचलताना काय होतं ते कोणीच लिहिलं नाही आणि ४ बाय ४ मध्ये लोक तिथेच फसतात, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमचा हँडब्रेक कशावर आहे ते आधी बघा. बऱ्याच गाड्यांत तो मागच्या दोन चाकांच्या ड्रमवर असतो, ते ठीक, एक मागचं उचललं तरी दुसऱ्याचा ब्रेक लागलेला राहतो. पण काही जुन्या फोर बाय फोर मध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) मागे प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर असतो. तिथे एक मागचं चाक हवेत गेलं की शाफ्ट जाम असूनही मागच्या ॲक्सलमधलं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळं फिरू देणारे गिअर) आपलं काम करतं, हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं, आणि गाडी हँडब्रेक लावलेला असताना जॅकवरून घरंगळते. गिअरमध्ये टाकून ठेवली किंवा ऑटोमॅटिकला पी (पार्किंग) लावला तरी टू-एच मध्ये हेच होणार, कारण तोही शाफ्टच अडवतो.

म्हणून फोर-एच लावा, इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक ओढलेला. फोर-एच मुळे पुढचा ॲक्सल सुद्धा गिअरबॉक्सला बांधला जातो. पुढे फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडणारे हब) असतील तर ते लॉक झालेत का बघा, नाहीतर फोर-एच नावालाच. आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर चुकून सुद्धा न्यूट्रलमध्ये ठेवू नका. तिथे न्यूट्रल म्हणजे गिअरबॉक्सचा आणि चाकांचा संबंध तुटला, मग गिअर काय नि पी काय, दोन्ही शोभेचे.

हे सगळं करून सुद्धा खरा भरवसा चाकांना लावलेल्या ठोकळ्यांवर. जे चाक उचलताय त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दोन्हीकडून ठोकळा. गोल दगड नको, तो सरकतो. लाकडाचा उतरता कापलेला तुकडा असेल तर उत्तम.

नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, हवेत गेल्यावर पान्यावर जोर दिला की गाडी हलते. मागचा ॲक्सल सॉलिड असेल तर जॅक ॲक्सलच्या नळीखाली, स्प्रिंगच्या जवळ. मधल्या फुगीर डिफरन्शियलखाली नाही, आणि ब्रेकची लाइन जॅकखाली चेपत नाही ना तेही वाकून बघा. ॲक्सलखालून उचलण्यात फायदा असा की चार बोटं उचललं तरी चाक सुटतं. चॅसीवरून उचललं तर सस्पेन्शन लोंबत राहतं आणि बॉटल जॅकची उंची तिथेच संपते. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पॉइंटलाच जॅक.

एकच कोपरा उचलताय तरी जॅक स्टँड असेल तर लावाच. नसेल तर काढलेलं चाक आडवं करून चॅसीखाली सरकवा, जॅक निसटलाच तर गाडी रिमवर बसेल, तुमच्या पायावर नाही. अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा नाही हे सांगायला नको.

चिखलगाडी:
बाप रे, हँडब्रेकचं हे डोक्यातच आलं नव्हतं. बघितलं, माझा ड्रमवरच आहे, मागचा ॲक्सल सॉलिड, पुढे इंडिपेंडंट. टायरवर बाण नाही. स्टेपनी त्याच साइजची आणि रिमही तेच अलॉय.

आज डेप्थ गेजने नक्षीची खोली मोजून घेतली, मधल्या खाचेत, मिमीमध्ये. पुढचं उजवं ८, पुढचं डावं ८.१, मागचं उजवं ८.८, मागचं डावं ८.७ आणि स्टेपनी कोरी १० मिमी. पुढच्यांच्या बाहेरच्या कडेला ७.२ भरतं. आता शंका अशी की तुमच्या क्रमाने कोरी स्टेपनी आणि सगळ्यात झिजलेलं पुढचं उजवं हे दोघे मागच्या एकाच ॲक्सलवर येतात. २ मिमीचा फरक, डिफरन्शियलची वाट लागणार नाही ना? का पुढे टाकू?

डिफ_लॉक:
शंका रास्त आहे पण हिशोब करून बघा, उत्तर उलटं निघतं.

नक्षीत १ मिमीचा फरक म्हणजे परिघात साधारण ६.३ मिमीचा. तुमचा २ मिमी म्हणजे १२.६ मिमी. तुमच्या साइजच्या टायरचा परिघ २.३ मीटरच्या आसपास, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहून जरासा जास्त. किलोमीटरमागे एक चाक दुसऱ्यापेक्षा साडेपाच मीटरचं अंतर जास्त कापू बघतं, तेवढं डिफरन्शियल जिरवतं. आता गाडी एक पूर्ण गोल फिरवा, दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरलं तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ९ मीटरहून जास्त पळतं. म्हणजे पार्किंगमधल्या एका गोल चकरेत जेवढं काम पडतं तेवढं सुद्धा तुमच्या टायरमुळे एका किलोमीटरात पडत नाही. साधं ओपन डिफरन्शियल असेल तर बिनधास्त. मागे लिमिटेड-स्लिप (एकच चाक घसरत फिरू नये म्हणून क्लच घातलेलं डिफरन्शियल) असेल तर मात्र त्यातल्या क्लच प्लेट सतत घासत राहतील, तिथे असा फरक ठेवायचा नाही.

पण ४ बाय ४ चा खरा प्रश्न डाव्या-उजव्याचा नाहीच, पुढच्या-मागच्या ॲक्सलचा आहे. पार्ट-टाइम गाडीत फोर-एच लावला की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधून टाकते, मध्ये डिफरन्शियल नाही. पुढचे टायर लहान मागचे मोठे असले की दोन्ही शाफ्ट एकमेकांशी कुस्ती खेळतात, पकड असलेल्या रस्त्यावर तो ताण निघायला वाट नसते, लिव्हर परत टू-एच ला यायला अडतो तो त्यामुळेच. म्हणून तर कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एच नको म्हणतात.

आता तुमची सरासरी काढा. आज पुढे ८.०५, मागे ८.७५, फरक ०.७. रविवारच्या मेकॅनिकने सांगितलेला क्रम केला की मागे १० आणि ८, सरासरी ९. पुढे ८.८ आणि ८.७, सरासरी ८.७५. फरक आला पाव मिमी. ट्रान्सफर केसला आजच्यापेक्षा सुखच. तुम्ही म्हणता तसं एका ॲक्सलवर जुळवाजुळव करत बसलात, म्हणजे १० सोबत ८.८ आणि दुसरीकडे ८.७ सोबत ८, तर डावं-उजवं छान दिसेल पण पुढचं-मागचं अंतर १ मिमीच्या वर जाईल. ओपन डिफरन्शियलवाल्या पार्ट-टाइम गाडीत ते घाट्याचं.

आणि स्टेपनी आत घ्यायची वेळ हीच. चौघे अर्धे झिजल्यावर कोरी स्टेपनी मध्ये घुसवली तर फरक ५ मिमीचा म्हणजे परिघात ३१ मिमी, मग ती खरंच नुसती लटकवून ठेवायच्या लायकीची राहते, आणि वापरली नाही तरी रबर म्हातारं होतंच. टायरवर DOT ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन बनवल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.

आळशी_ड्रायव्हर:
एवढा हिशोब बँकेत पण करत नाही मी 😂 भावा, टायरवाल्याकडे ने, लिफ्टवर टाकतात, अर्ध्या तासात पाच चाकं इकडची तिकडे, बॅलन्सिंग अलाइनमेंट पण होऊन जातं. कशाला कंबर मोडून घेताय, ते एक चाक रिमसकट २५-३० किलोचं असतं.

पाना_नंबर_२१:
अलाइनमेंटसाठी जायचंच आहे त्यांना, पुढच्यांच्या दोन्ही बाहेरच्या कडा गेल्यात म्हणजे टो (पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते) बघून घ्यायला हवा. गाडी टायर खात असेल तर नुसते फिरवून काय होणार, आज पुढचे खाल्ले उद्या मागून आलेले खाईल. दोन्ही कडा आतून-बाहेरून गेल्या असत्या तर हवा कमी म्हटलं असतं, फक्त मधला पट्टा गेला असता तर हवा जास्त, आणि अंगावर खड्डे खड्डे पडले असते तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. हे चाक हातात घेऊन निवांत बघायला मिळतं हाच घरी करायचा फायदा. त्याच वेळी आतली बाजू, ब्रेक पॅड किती उरलेत, शॉकॲब्सॉर्बर ओला झालाय का, सगळं दिसतं. लिफ्टवर गाडी गेली की आपण बाहेर खुर्चीवर.

आणि नट. गनने टरररर करून बसवतात, पुढे रस्त्यावर पंक्चर झालं की गाडीतल्या पान्याने ते नट सुटत नाहीत, मग पान्यावर उभं राहून उड्या मारा. घरी टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा, या वर्गातल्या गाड्यांना तो बहुधा १०० ते १५० न्यूटन-मीटरमध्ये कुठेतरी असतो. रेंच नसेल तर अंदाज असा, अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकाला २५ किलोचा जोर म्हणजे साधारण १२० न्यूटन-मीटर. पान्यावर उभं राहणं म्हणजे त्याच्या तिप्पट, आटे जातील नाहीतर स्टड (ज्यावर नट चढतो तो दांडा) ताणला जाईल. आट्यांना तेल ग्रीस काही लावू नका, तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो.

नट आधी हाताने फिरवून बसवायचे, मग चाक हवेत असताना हलके आवळायचे एक सोडून एक, गाडी खाली टेकल्यावर शेवटचा जोर. ५० ते १०० किमी चालवून परत एकदा पाना लावा, अलॉयला तर नक्कीच.

चिखलगाडी:
आज सकाळी बसलो. मागचं उजवं, पुढचं उजवं झालं, आता मागचं डावं अडलंय. नट पाचही काढले तरी चाक जागचं हलत नाही, हबला चिकटलंय. दोन लाथा घातल्या पण गाडी जॅकवर हलायला लागली म्हणून थांबलो. हातोडा मारू का मागून?

रविवारचा_मेकॅनिक:
थांबलात ते लाख मोलाचं केलंत. जॅकवर असताना लाथ नाही हातोडा नाही. पाचही नट परत हाताने लावा, पूर्ण आवळू नका, प्रत्येक साधारण एक फेरा सैल ठेवा. गाडी खाली घ्या, जॅक काढून घ्या, ठोकळे काढा, टू-एच मध्ये आणून चार-पाच फूट हळूच पुढे आणि मागे, ब्रेक जरासा झटक्यात. कट् असा आवाज येतो आणि चाक सुटतं. वजनच काम करतं. त्यानंतर परत ठोकळे, फोर-एच, गिअर, हँडब्रेक सगळं पहिल्यापासून, घाईत इथेच विसरतात लोक.

सुटल्यावर हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा आणि रिमची मागची बाजू पण. तिथे गंजाची पापडी राहिली तर चाक सपाट बसत नाही, नट आवळल्यासारखा वाटतो आणि पापडी चुरली की सैल. मधल्या गोल कडेला अगदी पुसट ग्रीसचं बोट फिरवलं तर पुढच्या वेळी चिकटणार नाही, पण स्टडपासून लांब, आणि ड्रमवर तर मुळीच नको.

चाक परत चढवताना उचलून कंबर मोडू नका. टॉमी (लोखंडी पहार) किंवा फळीचा तुकडा टायरखाली सरकवा, आपल्याकडचं टोक पायाने उचला, चाक बोटभर वर येतं, मग हाताने फिरवून भोकं स्टडसमोर आणायची. जॅकची उंचीही तेवढीच ठेवायची, चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकी.

ऑटो_मोडवाला:
मध्येच विचारतो, माझी फुल-टाइम ऑल-व्हील आहे, स्टेपनी बारकी तात्पुरती वाली आणि टायरवर बाण आहेत. मग मला हा क्रम नाही ना चालणार?

डिफ_लॉक:
नाही. बारकी स्टेपनी रोटेशनमध्ये कधीच नाही, ती पंक्चर काढेपर्यंत हळू चालवायला असते. बाण असल्यामुळे तुम्हाला फक्त पुढचा मागे मागचा पुढे, त्याच बाजूला. त्यासाठी एका बाजूचे दोन्ही कोपरे उचलावे लागतात, म्हणजे जॅक स्टँड हवेतच, आणि एका बाजूची दोन्ही चाकं हवेत असताना गिअर आणि पी वर अजिबात विसंबू नका, दोन्ही डिफरन्शियल मोकळी होतात. पलीकडच्या दोन्ही चाकांना पक्के ठोकळे. तुम्ही त्या बारक्या स्टेपनीचा उपयोग तात्पुरता टेकू म्हणून करू शकता, उभ्या गाडीवर, मागच्या जागी लावून ठेवायची, पुढचं काढून तिथे मागचं लावायचं आणि मग पुढचं मागे. एका वेळी एकच कोपरा. मधेच गाडी चालवायची मात्र नाही.

आणि फुल-टाइमला फरक कमीत कमी ठेवा, काही मॅन्युअलमध्ये परिघातला फरक जेमतेम ६ मिमी चालतो असं असतं, म्हणजे नक्षीत १ मिमी. एक टायर फाटलं म्हणून एकच नवं घेणं तुम्हाला महागात पडू शकतं.

चिखलगाडी:
सुटलं! दुसऱ्यांदा मागे घेताना कट् वाजलं. पाचही झाले. प्रत्येकावर खडूने जुनी जागा लिहून ठेवली होती, नाहीतर तिसऱ्या चाकाला सगळी गडबड झाली असती.

आता चालवून आलो तर गाडी आधीपेक्षा जास्त घूंऽऽ करतेय, ६० च्या वर. नट परत तपासले, टाइट आहेत. बॅलन्सिंग गेलं का?

पाना_नंबर_२१:
स्टेअरिंग किंवा सीट थरथरत नसेल तर बहुतेक बॅलन्सिंग नाही. ऑल-टेरेनचे ठोकळे फिरण्याच्या दिशेने एका कडेला जास्त झिजतात, हात एका बाजूने फिरवला की गुळगुळीत आणि उलटा फिरवला की करवतीसारखं लागतं. पुढचं उजवं मागे डावीकडे गेलं म्हणजे ते आता उलटं फिरतंय, ती उभी राहिलेली कड आधी रस्त्यावर आपटते, आवाज तिचाच. काहीशे किलोमीटरमध्ये कड बसते आणि आवाज उतरतो. उतरला नाही तर बॅलन्सिंग करा.

हवा बदललीत का? मागून पुढे आलेल्यात मागची हवा असेल. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढचं-मागचं वेगळं दिलेलं असतं, टायर गार असताना तसं भरून घ्या. आणि दारावर गेलेल्या टायरमध्ये दोन-चार पीएसआय जास्तच ठेवा, लागेल तेव्हा कमी करता येते, रस्त्यात भरायला पंप मिळेलच असं नाही. टायरप्रेशर सेन्सर असतील तर कुठलं टायर कुठे गेलं ते सिस्टीमला परत शिकवावं लागेल, नाहीतर मागचं बसलं आणि दिवा पुढचा लागला असं होईल.

चिखलगाडी:
सेन्सर नाहीत. हवा खरंच बदलली नव्हती, उद्या सकाळी गार असताना भरतो आणि परवा अलाइनमेंटला टाकतो. टो किती निघाला ते इथेच टाकेन.